वानर पळवण्याचे साधन

वाशिमच्या आमच्या गल्लीत मी पासपोर्टचं काम करते असा समज आहे. पेटंट हा शब्द सुरुवातीला मी सावकाश, तोडून तोडून उच्चारून पाहिला, पण समोरच्याच्या कानात शिरेपर्यंत त्याचा पासपोर्ट होतो. शेजारच्या काकू एकदा मुलाचे फोटो घेऊन आल्या, मागे पांढरा पडदा, दोन्ही कान दिसणारे. मी म्हटलं, "काकू, माझ्याकडे माणसांचं काम नसते, यंत्रांचं असते." त्या म्हणाल्या, "यंत्राइले कायले पासपोर्ट लागते व?" आणि फोटो ठेवून गेल्या.

खरं काम असं की कुणी काही नवीन बनवलं, तर त्याच्या हक्काची हद्द शब्दांत आखून द्यायची. शेताला धुरा, म्हणजे बांध, असतो तसा यंत्राला वाक्यांचा धुरा. त्या वाक्यांना दावे म्हणतात. पुण्यातल्या एका फर्मसाठी मी हे घरी बसून करते आणि कुकरच्या शिट्ट्यांकडे लक्ष ठेवून जपानी गिअरबॉक्सचे दावे लिहिते.

दावा लिहायच्या दोन तऱ्हा आहेत. वस्तू कशी बनली आहे ते लिहायचं, किंवा ती काय करते ते लिहायचं. "चार पायांवर ठोकलेली फळी" असं लिहिता येतं, किंवा "बसण्याचे साधन" असं. दुसरी तऱ्हा मोठी मोहात पाडणारी. बसण्याचे साधन म्हटलं की त्यात खुर्ची आली, बाज आली, सोयाबीनचं पोतं आलं आणि शेजाऱ्याचा ओटासुद्धा आला. म्हणून कायदा तिथे कान धरतो. साधन म्हणता ना, मग तुम्ही स्वतः कोणतं साधन बनवलं ते आत वर्णनात दाखवा. जे दाखवलं ते तुमचं, आणि फार तर त्याच्या जातकुळीतलं. बाकी सगळं गावाचं.

हे मी रोज इंग्रजीत लिहीत होते. मराठीत समजावून सांगायची पाळी मामामुळे आली.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. अनसिंगला एसटी स्टँडच्या रस्त्यावर त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे, मागेच घर. ट्रॉल्या, फाटकं, कूलरचे स्टँड. गावाबाहेर थोडं वावर, त्यात तूर आणि कडेला पपईची झाडं, आणि त्या पपईवर वानरांचा जीव. टोळी सकाळी यायची, प्रत्येक पपईचा एकेक घास घ्यायची आणि आवडली नाही असं तोंड करून फेकून द्यायची. मामाला राग नुकसानीचा कमी आणि त्या तोंडाचा जास्त. मामी रोज स्टीलची थाळी आणि उलथनं घेऊन वावरात जायची आणि ती बडवत धुऱ्यानं फिरायची. पहिले काही दिवस वानरं पळाली. मग ती मामीला ओळखायला लागली. मामी थाळी वाजवायची आणि ती बांधावर बसून एकमेकांच्या उवा काढायची.

"वानर हिशेब लावते," मामा म्हणाला. "रोज त्याच टायमाले तोच आवाज आला, का थे समजते, आवाजच हाय, काई करत नाई."

मग मामानं यंत्र बनवलं. धुऱ्यावर तार ताणलेली. वानर तिच्यावर बसलं की तार ओढली जाते, खटका सुटतो आणि स्प्रिंगला लावलेली लोखंडी पट्टी रिकाम्या पिंपावर आदळते. टांगलेलं वजन हळूहळू खाली येतं आणि त्याच्या ओढीनं खटका आपोआप परत जागेवर बसतो. खरी गंमत मधल्या चकतीत. त्याच वजनानं सावकाश फिरणारी ती दातेरी चकती, आणि तिचे दात मामानं मुद्दाम लहानमोठे कापलेले. त्यामुळे यंत्र कधी लगेच वाजतं, कधी दम खाऊन वाजतं, कधी लागोपाठ दोनदा, आणि कधी वाजतच नाही. वीज लागत नाही, माणूस लागत नाही. वानरांचा हिशेब पार बिघडला. ती दुसऱ्यांच्या वावरात गेली आणि दुसरे मामाच्या दुकानात आले.

एका रविवारी मामानं मला बोलावून घेतलं. "पोरी, याचं पासपोर्ट काढ."

मी यंत्राभोवती फिरून, वाकून, फोटो काढून दाव्याचा कच्चा मसुदा केला आणि मराठी करून वाचून दाखवला. "तार, खटका, स्प्रिंगला जोडलेली पट्टी, असमान दातांची चकती..." मामानं हात वर केला.

"थांब. हे सगळं कायले? कसं बनवलं थे लिहूच नको. काय करते थे लिही. वानर पळवण्याचे साधन. झालं!"

"मामा, असं लिहिलं तर वानर पळवणारी जगातली प्रत्येक गोष्ट त्यात येईन."

"मंग येऊ दे ना! मी कुठं नाई म्हनलं?"

मामी आतून कांदा चिरत ऐकत होती. ती म्हणाली, "गावातले कुत्रेबी वानर पळवतात. त्याइच्यावरबी तुमचाच हक्क का?"

"कुत्रा देवानं बनवला," मामा म्हणाला. "देव काई पेटंट ऑफिसात येऊन नाई राह्यला."

मी सांगितलं की यंत्र कसं चालतं ते आत सविस्तर लिहावंच लागेल, चकतीचे दात कसे कापले तेसुद्धा. हा सौदाच आहे. तुम्ही जगाला सांगता, आणि त्या बदल्यात काही वर्षं तुमच्याशिवाय कुणी ते बनवू शकत नाही. मामानं विचारलं, "म्हंजे कुलूप लावाचं आन् चावी दारावर टांगाची?"

शेवटी धंद्यात सगळे करतात तेच मी केलं. पहिला दावा मामाच्या मनासारखा रुंद ठेवला: वानरांना पळवण्यासाठी अनपेक्षित आवाज निर्माण करण्याचे साधन. खाली एकेक करून अरुंद दावे लिहिले, चौथ्यात चकती आणि तिचे असमान दात आणले. वर्णनात सगळं दाखवलं. वरचं पडलं तर खालचं हाती राहावं. मामाला फक्त पहिला दावा आवडला. बाकीचे त्यानं "थे राहू दे खाली" म्हणून सोडून दिले.

बऱ्याच महिन्यांनी पेटंट कार्यालयाचा परीक्षण अहवाल आला. मी तो घेऊन अनसिंगला गेले. आक्षेप स्पष्ट होता. पहिल्या दाव्यात फक्त काम सांगितलं आहे, रचना नाही. "साधन" म्हणजे काय ते कळत नाही. आणि या शब्दांचा सरळ अर्थ घेतला, तर पिकातली जनावरं हाकलण्यासाठी थाळी वाजवणारी व्यक्तीसुद्धा या दाव्यात बसते, आणि अशा व्यक्ती पूर्वापार आहेत, म्हणून यात नवीन काही नाही.

हे मी मराठीत वाचून दाखवलं. मामी हात पुसत बाहेर आली.

"थाळी वाजवनारी? म्हंजे मीच का?"

"तुमच्यासारखी कुणीही, मामी."

"पन मी याइच्या यंत्राच्या पयले होती, असं लिहून आलं ना सरकारातून?"

"तसंच म्हणा."

मामी दिवसभर खूश होती. संध्याकाळी शेजारणीला सांगत होती की आमच्या मिस्तरीचं यंत्र अडकून राह्यलं, कारण थे काम पयलेपासून आपनच करून राह्यलो.

मामा मात्र पेटला होता. "थाळी आन् माह्यं यंत्र सारखं? थाळीले डोकं हाय का? अनपेक्षित लिहिलं ना आपन? तुह्या मामीच्या थाळीत काय अनपेक्षित हाय?"

"मामा, कागद वाचणाऱ्याला तुमच्या मनातलं कसं दिसेल? त्याच्यासमोर फक्त शब्द आहे. साधन."

"त्याले समजाले नको का? साधन म्हंजे हेच!" असं म्हणून त्यानं पिंपावर हात मारला.

तेव्हा मला मामेबहिणीच्या लग्नातला मांडववाला आठवला. लग्न भर मे महिन्यात होतं. मामानं मांडववाल्याला फोनवर एवढंच सांगितलं होतं, "पोरावाल्याइले ऊन नाई लागलं पायजे. सावलीची सोय कर." तो रोपवाटिकेत लावतात तशी हिरवी जाळी घेऊन आला, तीही जागोजागी फाटलेली. नवरदेवाच्या टकल्या काकांच्या डोक्यावर उन्हाचा एक रुपयाएवढा गोळा नेमका पडला होता, आणि काका जिकडे सरकतील तिकडे जाळीतलं दुसरं भोक त्यांना गाठत होतं. पंगतीतली माणसं पत्रावळी हातात घेऊन सावलीबरोबर सरकत होती. मामा मांडववाल्याच्या अंगावर धावून गेला होता आणि तो शांतपणे वर बोट दाखवत होता.

"मामा," मी म्हटलं, "तो मांडववाला काय म्हणत होता आठवते?"

मामाचा चेहरा लगेच बदलला. "त्या हरामखोराचं नाव नको काढू."

"तो म्हणत होता, तुमी सावली म्हनले, सावली पडून राह्यली का नाई?"

"सावली म्हंजे मांडव! दुनियाले मालूम हाय!"

"तुमच्या मनात मांडव होता. तोंडातून सावली निघाली. आता इथं तुमच्या मनात चकती आहे आणि कागदावर साधन आहे."

मामानं हातातला पाना टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "म्हंजे मी आता मांडववाला झालो का?"

"थोडेसे."

"हे चांगलं नाई झालं," मामा म्हणाला. त्याला खरोखरच वाईट वाटलं होतं. यंत्र अडकल्याचं दुःख एक वेळ सहन झालं असतं, पण त्या माणसाच्या रांगेत बसणं त्याला जड गेलं.

तरी पहिला दावा तो सोडेना. "सुनावनी होते ना? मी सोता बोलीन."

सुनावणी व्हिडिओवर होती. घरून करू म्हटलं तर मामा म्हणाला, यंत्राशिवाय बोलता येणार नाही. म्हणून दुकानातच बसलो. लॅपटॉप वेल्डिंगच्या टेबलावर, आम्ही दोघं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, मागे नमुन्याचं यंत्र उभं आणि त्याची तार भिंतीतल्या खिळ्यापर्यंत ताणलेली. मामानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, खाली मात्र ठिणग्यांनी भोकं पडलेली रोजची पॅन्ट, कारण खालचं दिसत नाही असं मीच सांगितलं होतं. मामीला चहा आणू नका असं बजावून ठेवलं होतं.

पडद्यावर पेटंट कार्यालयाच्या एक मॅडम आल्या. शांत आवाज, डोळ्यांवर चष्मा, समोर कागद. मराठी बोलणाऱ्या निघाल्या, ते आमचं नशीब. मी माझा युक्तिवाद केला. साधनाचा अर्थ वर्णनातून घ्यावा, नुसत्या शब्दकोशातून नाही, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "अनपेक्षित म्हणजे कुणाला अनपेक्षित? वानराला की माणसाला?"

मी तोंड उघडायच्या आत मामा पुढे झुकला. "दोघाइलेबी, मॅडम."

"पण माणसाला तर माहीत असतं ना यंत्र वाजणार आहे?"

"वाजनार हाय हे मालूम रायते. कवा वाजीन हे मालूम नाई रायत. मलेबी नाई, मीच बनवलं तरी."

त्याच वेळी दुकानात एक गिऱ्हाईक आलं. फाटकाची बिजागरी तुटलेली, हातात भाजीची पिशवी. आम्ही पडद्याकडे तोंड करून गंभीर बसलेलो पाहून त्यानं आवाज केला नाही. भला माणूस. पिशवी ठेवायला जागा शोधली, ताणलेली तार दिसली, आणि त्यानं ती तिच्यावर अलगद अडकवली.

पिंप असं वाजलं की मी खुर्चीसकट मागे गेले. गिऱ्हाइकानं पिशवी ओढून पोटाशी धरली. दोन टमाटे घरंगळत टेबलाखाली गेले. पडद्यावर मॅडमचा चष्मा नाकाच्या टोकावर आला होता.

"हे काय झालं?"

"मॅडम, हेच थे," मामा म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान लपत नव्हता.

"पुन्हा वाजेल का?"

"सांगता येत नाई. तेच तर हाय."

मग आम्ही सगळे थांबलो. मी, मामा, पोटाशी पिशवी धरलेलं गिऱ्हाईक, आणि तिकडे मॅडम. चकती कुरकुरत फिरत होती. काही वाजलं नाही. गिऱ्हाइकानं श्वास सोडला. मॅडमनी चष्मा नीट केला, कागदाकडे मान खाली घातली आणि म्हणाल्या, "बरं, पहिल्या दाव्याबद्दल बोलायचं तर..."

धाडकन दुसऱ्यांदा वाजलं. पडद्यावरून मॅडम दिसेनाशा झाल्या, मग हातात पेन घेऊन वर आल्या. त्या हसत होत्या. बरंच हसून झाल्यावर त्या पाणी प्यायल्या आणि एकदम कामाच्या आवाजात मला म्हणाल्या, "आत्ता मला ज्यानं दचकवलं, ते तुमच्या पहिल्या दाव्यात कुठं आहे, दाखवा."

मी पहिला दावा वाचला. त्यात ते नव्हतंच. साधन होतं, आवाज होता, अनपेक्षित असा शब्द होता. मला मागे पाडणारी चकती मात्र नव्हती.

"चौथ्या दाव्यात आहे," मी म्हटलं.

"मग ते वर आणा. तुमचं म्हणणं खरं आहे की थाळी वाजवणारी बाई आणि हे यंत्र वेगळं. पण तो वेगळेपणा कागदावर दिसला पाहिजे. मला तुमच्या दुकानात बसून निर्णय लिहिता येणार नाही."

मी मामाकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. दाराआड उभी असलेली मामी मागाहून म्हणाली, की बाई समजदार होती, तिनं मला आन् यंत्राले वेगळं वेगळं काढलं.

नवा दावा लिहून मी मामाला वाचून दाखवला. पूर्वी तो दीड ओळीचा होता, आता पानभर झाला. तार, खटका, पट्टी, वजन, असमान दातांची फिरती चकती, आणि चकतीमुळे आवाजांमधलं अंतर दर वेळी बदलणं. मामानं पान हातात घेऊन वजन केल्यासारखं वर-खाली केलं.

"शब्द वाढले आन् वावर कमी झालं," तो म्हणाला.

माझ्या धंद्यातलं यापेक्षा नेमकं वाक्य मी कुणाकडून ऐकलेलं नाही, आणि पुण्याच्या मीटिंगमध्ये ते मी माझं म्हणून दोनदा वापरलं.

पेटंट मिळालं. मामानं कागद काचेत बसवून दुकानात लावला. आणि पुढच्या तुरीच्या हंगामात बातमी आली की आमच्याच जिल्ह्यातल्या शिरपूरचा एक फॅब्रिकेशनवाला तसंच यंत्र विकतोय. मामानं मला फोन केला. "चाल. भांडाले जाऊ."

एसटीनं आम्ही शिरपूरला गेलो. गाडीत, तिथल्या जैन मंदिराकडे निघालेल्या यात्रेकरूंच्या गर्दीत, मामा कागदाची काच छातीशी धरून उभा होता. एका म्हाताऱ्या बाईंनी देवाची तसबीर समजून तिला हातही जोडले. माझ्या पिशवीत नोटिशीचा मसुदा होता. रस्ताभर मामा कुणाच्या कानाखाली कशी वाजवणार ते सांगत होता.

फॅब्रिकेशनवाला तिशीतला, बारीक, नम्र. त्यानं काच पाहिली, नमस्कार केला आणि खुर्च्या पुसल्या. "बसा काकाजी. चहा सांगतो."

"चहा नंतर. यंत्र दाखव."

यंत्र मागच्या अंगणात होतं. तार, खटका, पिंप, सगळं तसंच. पण मधे चकती नव्हती. तिच्या जागी सायकलची जुनी चेन फिरत होती आणि तिच्या काही कड्यांवर त्यानं लोखंडाचे खुंट वेल्ड केले होते, कुठं जवळ, कुठं लांब.

"काकाजी, तुमच्या कागदात चकती हाय. म्या ऑनलाइन वाचला. माह्याकडे चकती नाई, साखळी हाय."

हा प्रश्न माझा होता. काम तेच, परिणाम तोच, पण रीत तीच का? फिरणाऱ्या चकतीचे दात आणि फिरणाऱ्या साखळीचे खुंट एकाच जातकुळीतले धरायचे का? मी मनात वाक्यं जुळवू लागले. दोन्ही बाजूंनी बोलता आलं असतं, आणि ते कोर्टात बरीच वर्षं पुरलं असतं.

मामा तोवर गुडघ्यावर बसला होता. "चकती म्हंजे काय रे? दात घेऊन गोल फिरते थे. तुही साखळी काय करते? दात घेऊन गोल फिरते. साखळीले तू लांब केलं म्हून थे दुसरं झालं का? बुंदीचा लाडू चपटा केला तर बर्फी होते का?"

मी लिहिणार होते त्यापेक्षा हे चांगलं होतं. पण पोरगाही हटला नाही. "काकाजी, चकतीचा एक फेरा झाला का पुन्हा तेच अंतर येते. वानर आठ दिवसांत शिकन. माही साखळी लांब हाय, फेरा लवकर येत नाई. म्हून थे शिकत नाई. म्हंजे रीत बदलली का नाई?"

मामा साखळीजवळ सरकला. मग त्यानं साखळी हातानं फिरवायला सुरुवात केली. एकेक खुंट बोटानं चाचपला. "हा खुंट इथं काहून ठोकला?"

"थो लागोपाठ वाजाले."

"आन् हा?"

"थो वाजतच नाई. नुसता फसवते."

"फसवते!" मामा खूश होऊन माझ्याकडे वळला. "पाह्य व, हा खुंट फसवते!"

त्यानंतर मला कुणी विचारलं नाही. दोघंही अंगणात मांडी घालून बसले. चहा आला, गार झाला, दुसरा आला. मामानं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि खटक्याचं वजन कुठं कमी पडतंय ते दाखवलं. पोरानं मामाला सांगितलं की पिंपात थोडं पाणी ठेवलं तर आवाज बदलतो. मी नोटीस पिशवीत अजून खाली सरकवली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा मीच म्हटलं, "मामा, भांडायचं राहिलं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग अर्ध्या तासात तंटा मिटला. शिरपूरच्या बाजूला पोरानं मामाच्या परवानगीनं यंत्र बनवायचं, त्यावर तशी पाटी लावायची, आणि साखळीची कल्पना मामालाही वापरू द्यायची. मी करारनामा लिहून देईन असं ठरलं. पोरानं विचारलं, "ताई, त्यात साखळी लिहसान का चकती?"

"दोन्ही," मी म्हटलं. "खुंटांसकट."

परतीच्या एसटीत मामाला खिडकी मिळाली. काच मांडीवर उलटी ठेवून तो बाहेर बघत होता. वाशिम जवळ आलं तेव्हा म्हणाला, "त्याची साखळी गंजन. ग्रीस नाई लावत थो. सांगाले पायजे होतं."

"उद्या फोन करा."

"उद्या कायले," मामा म्हणाला, आणि हलत्या गाडीत चष्मा कपाळावर चढवून पोराचा नंबर शोधू लागला.